भिंतीच्या उंचीएवढा भाव

माननीय अध्यक्ष,
वित्तविषयक संसदीय स्थायी समिती,
संसद भवन, नवी दिल्ली



न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत आयात मालाचे कागद भरण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे कुठल्याही वस्तूचा छापील भाव दिसला की आधी त्यातला कर आणि ड्युटी सोलून बघायची खोड जडली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोनच्या नव्या मालिकेचे दर जाहीर झाले, तेव्हाही मी तेच केले. साध्या आयफोन १७चा अमेरिकेतला भाव ७९९ डॉलर. तेव्हाच्या साधारण ८८ रुपयांच्या दराने सत्तर हजार तीनशे रुपये. त्यावर आपला १८ टक्के जीएसटी चढवला की रक्कम होते ८२ हजार ९७०च्या आसपास. भारतातला छापील भाव ८२ हजार ९००. बेरीज जुळली, म्हणून पुढचे मॉडेल घेतले.

आयफोन १७ प्रो. अमेरिकेत १,०९९ डॉलर, म्हणजे ९६ हजार ७०० रुपये. जीएसटी धरून १ लाख १४ हजार १००. भारतातला छापील भाव मात्र १ लाख ३४ हजार ९००. कंपनी तीच, देश तोच, जीएसटीचा दर तोच, डॉलरही त्याच दिवशीचा. मग हे वरचे वीस हजार कुठले? २०२४च्या १६ प्रोचा हिशेब तेव्हाच्या डॉलरने मांडला तरी फरक एकवीस हजारांच्या घरातच येतो, म्हणजे ही छपाईची चूक नव्हे. आपल्या समितीने या वीस हजारांचा मालक शोधावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

आधी एक गैरसमज बाजूला सारतो, कारण तो माझ्याही नातेवाइकांत घट्ट रुजलेला आहे. न्यू जर्सीतला भाचा फोनवर जो भाव सांगतो तो करावेगळा असतो. अमेरिकेत दुकानातल्या पाटीवर विक्रीकर धरलेला नसतो. तो बिल करताना लागतो आणि प्रत्येक राज्यात वेगळा असतो. ओरेगॉन, डेलावेअर अशा राज्यांत तो नाहीच. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के आहे. म्हणजे तिथल्या भाच्याला ७९९चा फोन प्रत्यक्षात ८५२ डॉलरला पडतो, आपल्या हिशेबात पंचाहत्तर हजारांना. आपल्याकडे ‘सर्व करांसहित’ छापण्याचा कायदाच आहे. तेव्हा करासकटचा भाव करावेगळ्या भावाशी ताडून ‘आपण लुटले जातो’ म्हणण्यात अर्थ नाही. साध्या आयफोनच्या बाबतीत आठ हजारांहून कमी फरक उरतो, आणि तो जवळजवळ पूर्णपणे आपल्या आणि त्यांच्या करांमधला फरक आहे. हाँगकाँगमध्ये विक्रीकर नाही, दुबईत २०१८पासून ५ टक्के व्हॅट आहे. तिथे वस्तू स्वस्त दिसतात त्याचे मोठे कारण हेच.

पण करच सगळे ठरवतो असे म्हणावे, तर जर्मनी आडवी येते. तिथे तेव्हा आयफोन १७चा भाव ९४९ युरो होता. त्यातला १९ टक्के व्हॅट काढला तर उरतात ७९७ युरो. अमेरिकेत ७९९ डॉलर, जर्मनीत ७९७ युरो. आकडा तसाच ठेवून पुढचे चिन्ह तेवढे बदलावे तसा प्रकार. युरो मात्र तेव्हा डॉलरहून सतरा टक्क्यांच्या आसपास महाग होता, आणि मोबाइलवर युरोपीय संघात सीमाशुल्क लागत नाही. युरोपात विक्रेत्यावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, तिचा खर्च भावात धरलेला असणार, हे मान्य. तेवढ्याने सतरा टक्के भरून निघत असतील असे मला वाटत नाही. जर्मन ग्राहक तो भाव देतो, म्हणून तो भाव आहे. करानंतरची दुसरी गोष्ट ही : ज्या बाजारात जेवढे निघतील, तेवढे काढणे. धंद्यात हा गुन्हा नाही. पण संसदेने त्याबद्दल विचारू नये असेही कुठे लिहिलेले नाही.

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने विचारले होते, म्हणूनच हे पत्र मी मंत्रिमहोदयांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे. तिथे २०१२ साली प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने संगणक, सॉफ्टवेअर आणि त्यांसोबतच्या मालाच्या किमतींची चौकशी हाती घेतली. लोक आधीपासूनच त्या जादा भावाला ‘ऑस्ट्रेलिया टॅक्स’ म्हणून हिणवत होते, कारण तिथला जीएसटी फक्त १० टक्के आणि भाव मात्र अमेरिकेच्या कितीतरी वर. ‘चॉइस’ या तिथल्या ग्राहक संघटनेने समितीपुढे एक मासला ठेवला. मायक्रोसॉफ्टच्या एका महागड्या सॉफ्टवेअरच्या दोन देशांतल्या भावात आठ हजार डॉलरहून अधिक तफावत होती; ते विकत घेण्यासाठी कर्मचाऱ्याला विमानाने अमेरिकेला पाठवून परत आणले तरी पैसे उरले असते. सॉफ्टवेअरला ना बोटीचे भाडे, ना गोदाम, ना ड्युटी. तारेतून येणारी वस्तू. तरीही तफावत.

अॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि एडोबी आधी समितीपुढे यायलाच तयार नव्हत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये समितीने त्यांना समन्स काढले, मार्चमध्ये तिघांनाही सुनावणीला बसावे लागले. समन्स निघाले त्याच सुमारास एडोबीने आपल्या एका सेवेचा ऑस्ट्रेलियातला दर उतरवला. याला योगायोग म्हणायचे की काय, ते आपण ठरवा. सुनावणीत कोणी गाण्या-सिनेमांच्या हक्कधारकांकडे बोट दाखवले, कोणी सांगितले की भाव जड वाटला तर ग्राहक घेणार नाही, एवढे साधे आहे. जुलै २०१३ मध्ये अहवाल आला : एकाच वस्तूसाठी ऑस्ट्रेलियन ग्राहक अनेकदा ५० ते १०० टक्के जास्त मोजतो. त्यानंतर भावांना लगाम घालणारा मोठा कायदा काही झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण कंपन्यांची उत्तरे शपथेसारखी नोंदीवर आली. आपल्या देशात भावांबद्दलची अशी उत्तरे नोंदीवर आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता तिसरी गोष्ट, जी माझ्या धंद्यातली आहे. ड्युटी.

ड्युटी आणि जीएसटी यांत एक फरक आहे, तो बाहेरच्यांच्या सहज लक्षात येत नाही. आयातदार बंदरावर जो जीएसटी भरतो त्याचे क्रेडिट त्याला पुढे मिळते. शेवटी तो एकदाच ग्राहकाच्या खिशातून जातो. सीमाशुल्काचे क्रेडिट कुणालाच नाही. ते मालाच्या मूळ खर्चात मुरते. मग त्याच्यासकट रकमेवर जीएसटी लागतो, आणि त्या वाढलेल्या खर्चावर वितरक, दुकानदार आपापले टक्के काढतात. २०१८ ते २०२४ या काळात बाहेरून आलेल्या मोबाइलवर २० टक्के मूळ शुल्क आणि त्याचा दहावा हिस्सा समाजकल्याण अधिभार होता. शंभराचा फोन बंदराबाहेर पडता पडता १२२चा व्हायचा, त्यावर २०२०पासूनचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४४. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क १५वर आले, तेव्हा तोच आकडा १३७.५पर्यंत उतरला.

या मार्गाने दूरवर गेलेला देश म्हणजे ब्राझील. २०१३ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ४ अमेरिकेत ३९९ डॉलरला काढला आणि ब्राझीलमध्ये ३,९९९ रियालला, म्हणजे तेव्हाच्या दराने अठराशे डॉलरच्या वर. बोंबाबोंब झाली, तेव्हा सोनीने भावाची फोडच जाहीर केली. साठ टक्क्यांहून जास्त वाटा नाना करांचा होता. दोन वर्षांनी सोनीने त्याचे उत्पादन ब्राझीलमध्येच सुरू केले आणि भाव २,५९९ रियालवर आला. उतरला हे खरे, पण अमेरिकेच्या भावाजवळ काही तो पोचला नाही. ब्राझीलने असे पुष्कळ कारखाने १९६७पासून सवलती देऊन अॅमेझॉनच्या जंगलातल्या मानौस शहरात वसवले आहेत; सुटे भाग तिथवर न्यायचे आणि तयार माल तिथून हजारो किलोमीटरवरच्या साओ पाउलोला आणायचा. अर्जेंटिनाने तर १९७२च्या कायद्याने ही जुळणी देशाच्या दक्षिण टोकाला, तिएरा देल फुएगो बेटावर नेली. बाहेरच्या फोनवर भारी शुल्क, आतल्या जुळणीला सूट. परिणाम असा की अर्जेंटिनाचे लोक टीव्ही आणि फोन घ्यायला सीमा ओलांडून चिलीत जाऊ लागले. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने मोबाइलवरचे १६ टक्के शुल्क आधी अर्ध्यावर आणि जानेवारी २०२६मध्ये शून्यावर नेण्याचे जाहीर केले, तेव्हा बेटावरचे कामगार संपावर गेले. त्यांचेही खोटे नव्हते. शुल्काची भिंत पाडताना तिच्या आडोशाला राहणाऱ्यांचा विचार आधी करावा लागतो. तुर्कस्तानचा उपाय आणखी निराळा : परदेशातून आणलेला फोन तिथल्या नेटवर्कवर चालू ठेवायचा तर नोंदणीचे शुल्क भरा. २०२५ साली ते ४५ हजार ६१४ लिरा होते. एवढ्यात तिथे साधा नवा फोन येतो.

आपली भिंत एवढी उंच नाही, आणि ती उभी करण्यामागचा हेतूही मला पटलेला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी देशात विकले जाणारे बहुतेक मोबाइल बाहेरून येत. शुल्क वाढले, २०२०मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली, श्रीपेरुंबुदूर, होसूर, देवनहळ्ळी इथे कारखाने उभे राहिले. आता सरकारच सांगते की देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलपैकी ९९ टक्के देशातच बनतात, आणि २०२४-२५ मध्ये मोबाइलची निर्यात दोन लाख कोटी रुपयांवर गेली. याचा मला अभिमान आहे. न्हावा शेव्याला आत येणारे खोके मोजलेल्या माणसाला बाहेर जाणाऱ्या खोक्यांचे कौतुक जरा जास्तच असते. पण अध्यक्ष महाराज, नव्याण्णव टक्के माल आत बनत असेल, तर भिंत आता कोणाला अडवते आहे?

ती भाव धरून ठेवते, असे माझे म्हणणे आहे. वरच्या १७ प्रोच्या हिशेबात मी एक पायरी वाढवून पाहिली. ९६ हजार ७००वर साडेसोळा टक्के ड्युटी आणि अधिभार, मग त्यावर १८ टक्के जीएसटी. उत्तर १ लाख ३३ हजार. छापील भाव १ लाख ३४ हजार ९००. म्हणजे हा फोन जणू सगळा बाहेरून आला आहे असाच त्याचा भाव आहे. आणि १७ मालिकेच्या चारही मॉडेलांची जुळणी सुरुवातीपासून भारतात होत असल्याच्या बातम्या आपणही वाचल्या असतील. शिवाय ड्युटी बंदरावरच्या किमतीवर लागते, अमेरिकेतल्या दुकानातल्या भावावर नव्हे. त्यामुळे माझा हा हिशेब कंपनीला झुकते माप देणाराच आहे.

कंपनीची बाजू मी मनात मांडून पाहिली. रुपया घसरतो, त्याची तरतूद लागते. वितरकाचा वाटा असतो. बँकांच्या कॅशबॅकचा आणि बिनव्याजी हप्त्यांचा भार कोणीतरी उचलतो. सगळे मान्य. पण ही सगळी कारणे साध्या आयफोन १७लाही लागू आहेत, आणि त्याचा भाव जीएसटी धरून अमेरिकेच्या भावाशी जवळजवळ जुळतो. मग एकाच दुकानात एकाच फळीवर ठेवलेल्या दोन फोनांना दोन न्याय कसे?

याहून बोलका पुरावा लॅपटॉपचा. १९९६च्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे लॅपटॉपवर भारतात सीमाशुल्क शून्य आहे. मार्च २०२५ मध्ये आलेला मॅकबुक एअर अमेरिकेत ९९९ डॉलरला होता. तेव्हाच्या ८७च्या डॉलरने आणि जीएसटी धरून १ लाख अडीच हजार रुपये. भारतातला भाव ९९ हजार ९००. जो लॅपटॉप बाहेरून येतो आणि ज्याच्यापुढे भिंत नाही, तो जीएसटी धरून अमेरिकेपेक्षा किंचित स्वस्त. आणि जो फोन आपल्याच कारखान्यात जुळतो पण ज्याच्यापुढे भिंत आहे, तो वीस हजारांनी महाग. (लॅपटॉपपुढेही भिंत घालण्याचा प्रयत्न ३ ऑगस्ट २०२३ला झाला होता, आयात परवान्याच्या रूपात. एवढी ओरड झाली की दुसऱ्याच दिवशी तो लांबणीवर टाकावा लागला.)

भिंतीने भाव हलतो हे कंपनीनेच एकदा दाखवून दिले आहे. जुलै २०२४मध्ये शुल्क पाच टक्क्यांनी उतरले, तेव्हा अॅपलने १५ प्रो ५ हजार १०० रुपयांनी स्वस्त केला आणि देशात बनणारा साधा १५ फक्त ३०० रुपयांनी. म्हणजे शुल्कात झालेली कपात ग्राहकापर्यंत पोचू शकते. कंपन्यांना सरसकट नफेखोर ठरवणाऱ्यांनी हे विसरू नये, आणि शुल्क कमी करून काय होणार असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांनीही.

‘सव्वा लाखाचा फोन घेणाऱ्यांचे रडगाणे समितीने का ऐकावे?’ हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये विवो, शाओमी, रिअलमी, सॅमसंग एकमेकांच्या उरावर बसलेले असतात, त्यामुळे तिथे भाव भिंतीपर्यंत चढत नाही, हे खरे. जिथे स्पर्धा विरळ, तिथेच तो चढतो. पण कुठल्या वस्तूत तो कितपत चढला आहे हे पाहण्याची सोयच आपण बंद करून टाकली आहे. करकपातीचा लाभ ग्राहकाला द्यावा असे जीएसटी कायद्याचे कलम १७१ सांगते. त्यासाठी २०१७मध्ये नेमलेल्या प्राधिकरणाचे काम आधी स्पर्धा आयोगाकडे, मग जीएसटी अपील न्यायाधिकरणाकडे गेले, आणि १ एप्रिल २०२५पासून नव्या तक्रारी घेणेच थांबले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला मोठ्या टीव्हीवरचा, एसीवरचा जीएसटी २८वरून १८वर आला. चाळीस हजारांचा टीव्ही हिशेबाने ३६ हजार ८७५ला यायला हवा. अनेक कंपन्यांनी भाव उतरवलेही. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीही घेतल्या गेल्या. पण दोन-चार महिन्यांनी नव्या मॉडेलच्या नावाखाली तो भाव परत वर गेला का, हे पाहायला कायद्याने नेमलेला माणूस नाही. आणि टीव्ही काही फक्त श्रीमंतांच्या घरी नसतो.

मला भावनियंत्रण नको आहे. लायसन्सच्या जमान्यात हाजी अलीच्या हिरा पन्ना बाजारात चोरट्या मार्गाने आलेला परदेशी माल का मिळायचा, हे मुंबईला माहीत आहे. भाव बांधला की माल गायब होतो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ‘बिल पाहिजे का?’ असा प्रश्न येतो. जादा ड्युटीनेही तेच होते. मला फक्त भावाची फोड हवी आहे. पेट्रोलच्या दिल्लीतल्या भावाची फोड इंडियन ऑइल प्रसिद्ध करते. ज्या ब्राझीलला मी वर नावे ठेवली, त्याने २०१२च्या कायद्याने दुकानाच्या पावतीवर कराचा अंदाजे वाटा छापायला लावले. आपल्याकडे २०११च्या वैधमापनशास्त्राच्या नियमांनी खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. तिच्याखाली सीमाशुल्क किती आणि जीएसटी किती, ही आणखी एक ओळ छापायला सांगणे अवघड नाही. शिवाय तयार फोनवरचे शुल्क कोणत्या वर्षी किती उतरणार, याचे वेळापत्रक सरकारने आत्ताच जाहीर करावे, म्हणजे कारखान्यांना तयारीला वेळ मिळेल आणि अर्जेंटिनासारखा संप इथे होणार नाही. याच शुल्काबाबत जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांनी एप्रिल २०२३मध्ये आपल्याविरुद्ध निकाल दिला आहे, आणि आपण अपील केले आहे ते अशा मंडळाकडे, ज्यात २०२०पासून एकही सदस्य नाही. तिथे तारीख कधीच लागणार नाही. तेव्हा तारीख आपणच ठरवलेली बरी.

समितीला कोणालाही बोलावून विचारण्याचा अधिकार आहे, आणि तो वापरावा अशी माझी विनंती आहे. मोबाइल, टीव्ही आणि लॅपटॉप विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना बोलवा. भारतात विकलेल्या महागड्या फोनांपैकी किती भारतात जुळले आणि किती बाहेरून आले, एवढाच पहिला प्रश्न विचारा. दुसरा प्रश्न त्या उत्तरातूनच निघेल. महसूल सचिवांना मात्र त्याच दिवशी, त्याच दालनात बोलवा. वेगवेगळ्या दिवशी आले तर कंपनी शुल्काकडे बोट दाखवील आणि सचिव कंपनीकडे, आणि ते वीस हजार पुन्हा बेवारस राहतील.

आपला,
एक ग्राहक
न्हावा शेवा, जि. रायगड